नदीकाठचा स्टेट हायवे रुंद होणार म्हणतायत? आपली जागा त्यात जाते का, ते तपासायचं कसं

रस्ता रुंद होणार अशी कुणकुण लागली की गावात एकच प्रश्न सुरू होतो, किती मीटरचा होणार. कोण म्हणतं तीस, कोण म्हणतं पंचेचाळीस, मग कोणीतरी ग्रुपवर गुगल मॅपचा स्क्रीनशॉट टाकतं त्यावर बोटाने मारलेली लाल रेघ, आणि त्या रेघेवरून लोक जागा विकायला काढतात, घराचं काम थांबवतात, मुलाचं लग्न पुढे ढकलतात. मी बदलापूरचा, आमच्या बदलापूर-वांगणी पट्ट्यात हे बऱ्याचदा बघितलंय. कर्जत-कल्याण राज्यमार्ग, रेल्वे आणि उल्हास नदी, तिघंही एकाच पट्ट्यातून जातात, त्यामुळे इथे रस्त्याला वाव कमी आणि अफवांना जास्त. म्हणून नीट लिहून काढतोय. ठाणे जिल्ह्यात कुठेही नदी किंवा खाडीलगतच्या रस्त्यावर जागा, घर, दुकान असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. 'किती मीटर' हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न 'मीटर कुठून मोजणार'. समजा आत्ता रस्त्याच्या ताब्यात १५ मीटर रुंदी आहे आणि हवी आहे ३० मीटर. दोन्ही बाजूंनी सारखं घेतलं तर तुमच्याकडून साडेसात मीटर जाणार. पण समोर नदी असेल आणि त्या बाजूला सरकायला जागाच नसेल तर पंधराच्या पंधरा मीटर तुमच्याच बाजूने जाणार, आणि समोरच्याचं काहीच नाही. आकडा तोच ३०, पण एकाचं अंगण जातं आणि दुसऱ्याचं अख्खं घर. नदीकाठच्या रस्त्यांना हे एकतर्फी रुंदीकरण खूप ठिकाणी होतं, कारण नदीच्या बाजूला सरकायचं म्हणजे उंच संरक्षक भिंत बांधा, पुराच्या पाण्यात भराव टाका, आणि नदीच्या वळणावर बाहेरचा काठ तर पाणी दरवर्षी कापतच असतं, तिथे इंजिनीअर उलट रस्ता नदीपासून लांब न्यायला बघतो. त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या बाजूला, डोंगराकडच्या अंगाला जागा असलेल्यांनी जास्त सावध राहायचं.

घोडबंदर रोड बघा, तो राज्य महामार्ग ४२. गायमुखपासून पुढे काजूपाडा, फाऊंटन हॉटेलकडे जाताना एका अंगाला उल्हासची खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. दोन्हीकडे हात लावायचा तर परवानग्यांचा डोंगर, म्हणून तिथे बोगद्याचा प्रस्ताव आला. आणि अलीकडे ठाणे शहरात, जिथे जागा होती तिथे, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळायचं काम काढलं. एकच रस्ता, पण रुंदी वाढवायची पद्धत प्रत्येक तुकड्यात वेगळी. म्हणून 'रस्ता एवढ्या मीटरचा होणार' असं कोणी सरसकट सांगितलं की विचारा, कुठल्या किलोमीटरला?

आता रस्ता कोणाचा आहे ते शोधा. राज्य महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असतो, राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा. पण दगडावर पूर्ण विसंबू नका, रस्ते वर्ग बदलतात आणि दगड जुनेच राहतात. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८अ आहे, कल्याण-मुरबाड-माळशेज आधी २२२ होता तो आता ६१ आहे. शिवाय रस्ता राज्याचा असला तरी काम करणारी यंत्रणा पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम विभाग) असेल, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) असेल, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) असेल किंवा २०२३ मध्ये काढलेलं पायाभूत सुविधा विकास महामंडळ असेल. भलत्याच ऑफिसात अर्ज दिलात तर तो इकडून तिकडे फिरत बसतो आणि तुमचे हरकतीचे दिवस संपतात. सगळ्यात सोपं म्हणजे पीडब्ल्यूडीच्या उपविभागात जाऊन विचारायचं की आमच्या गावाच्या हद्दीतली ही लांबी आत्ता कोणाकडे वर्ग आहे. हे तोंडी सांगतात, याला कोणी लपवाछपवी करत नाही.

मग साखळी क्रमांक. रस्त्याच्या कामाच्या सगळ्या कागदांत तुमचं गाव, तुमचं मंदिर, तुमचं हॉटेल असं काही नसतं, असते ती साखळी. म्हणजे रस्ता जिथून सुरू होतो तिथपासूनचं अंतर, २३/४०० म्हणजे २३ किलोमीटर आणि वर ४०० मीटर. किलोमीटरच्या दगडापासून आपल्या गेटपर्यंत टेपने किंवा गाडीच्या मीटरवर मोजा, मधले दोनशे मीटरचे छोटे दगड शाबूत असतील तर काम अजून सोपं. हा आकडा एकदा हातात आला की ऑफिसातला माणूस तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतो. नुसतं 'आमच्या इथे काय होणार साहेब' विचारलं तर 'अजून काही फायनल नाही' एवढंच उत्तर मिळतं. '२३/४०० ते २३/६०० मध्ये रुंदीकरण कुठल्या बाजूने आहे' असं विचारलं की नकाशा उघडावा लागतो.

जागेवर मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. डांबराच्या मधली पांढरी पट्टी म्हणजे रस्त्याच्या हद्दीची मधली रेषा असेलच असं नाही. आधी कधीतरी रस्ता एका बाजूने वाढवला असेल तर डांबराचं मध्य एकीकडे आणि हद्दीचं मध्य दुसरीकडे. गटारापलीकडे, बाभळीच्या झुडपात, कुंपणाच्या मुळाशी पीडब्ल्यूडीचे हद्दीचे दगड सापडतात का बघा, दोन्ही बाजूंचे दगड मिळाले तर खरी हद्द तिथून कळते. आमच्याकडे एका शेताच्या बांधावर असा दगड निघाला, अर्धा मातीत, वरची अक्षरं चुन्यासारखी पांढरी पडलेली, आणि तो दगड कुंपणाच्या बराच आत होता. म्हणजे जी जागा सगळे आपली समजत होते त्यातली एक पट्टी आधीपासूनच रस्त्याची. हे आधी कळलं तर बरं, मोजणीच्या दिवशी कळलं की भांडणं होतात.

अंदाजासाठी मानकं माहीत असू द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सपाट भागात, गावठाणाबाहेर, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाची हद्द साधारण ४५ मीटर धरतात, ३० ते ६० च्या मधे कुठेही असू शकते, वस्तीत साधारण ३०. दोन लेनचं डांबर ७ मीटर, चार लेन म्हणजे ७ अधिक ७, त्यात दुभाजक, साइडपट्ट्या, गटार धरून बाकीची रुंदी. याच मानकात बांधकाम रेषा ते बांधकाम रेषा ८० मीटर आणि नियंत्रण रेषा ते नियंत्रण रेषा, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, १५० मीटर आहे. लोकांचा खरा गोंधळ इथे होतो. 'मध्यापासून ४० मीटर' (८० चं निम्मं) असं कोणी ऐकलं की वाटतं ४० मीटर जमीन गेली. तसं नसतं. हद्दीत येणं म्हणजे जमीन जाणं, आणि बांधकाम रेषेच्या आत येणं म्हणजे जमीन तुमचीच राहते पण तिथे नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. दोन्हीचा त्रास आहे, पण जमिनीची किंमत मिळते ती फक्त पहिल्यात. राज्यात या रेषा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ आणि त्याखालच्या शासन निर्णयांनी ठरतात आणि नगरपालिका हद्दीत अंतरं वेगळी असतात, त्यामुळे घर बांधायला काढण्याआधी लेखी विचारून घ्या, तोंडी नको.

कागद कसे काढायचे? मला सगळ्यात खात्रीचा मार्ग वाटतो तो माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा ऑनलाइन भरा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर प्रथम अपील. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून लांबड लावू नका, विषयात लिहा 'रस्ता रुंदीकरण, साखळी अमुक ते तमुक' आणि खाली एवढंच मागा (संरेखन म्हणजे रस्त्याची आखणी, मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, गाळा म्हणजे तिचं एकेक तोंड, निवाडा म्हणजे मोबदला ठरवणारा सरकारी आदेश):

'वरील लांबीतील प्रस्तावित अथवा मंजूर संरेखन नकाशाची प्रत. भूसंपादन आराखडा व सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर निहाय बाधित क्षेत्राची यादी. अस्तित्वातील व प्रस्तावित मोऱ्या आणि पुलांची यादी, गाळ्यांची संख्या व मापांसह. पूरपातळी व पाण्याच्या निचऱ्याबाबतचा अभ्यास अहवाल. या लांबीत पूर्वी झालेल्या भूसंपादनाच्या निवाड्यांच्या प्रती.'

नकाशे मोठे असतात, झेरॉक्स धड येत नाही, रेघा पुसट होतात, म्हणून सोबत अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगीही मागा. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. जाताना गावातला कोणीतरी सिव्हिलवाला पोरगा बरोबर न्या, हल्ली प्रत्येक गावात एक तरी असतोच, त्याला उभा छेद (रस्त्याच्या लांबीतले चढउतार) आणि आडवा छेद (रुंदीची मापं) वाचता येतात.

घरी बसून करायचं काम म्हणजे सातबारा आणि नकाशा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो, नकाशा महाभूनकाशावर बघता येतो. ऑनलाइन नकाशा अंदाजापुरता वापरा, त्यावर मीटर मोजत बसू नका, खरी हद्द मोजणीच्या 'क' प्रतीवर (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) आणि फाळणीच्या, म्हणजे हिस्से पाडल्याच्या, नकाशावरच. आपल्या कोकणात सर्व्हे नंबर आणि हिस्से इतके बारीक पडलेले आहेत की एका रस्त्याच्या कडेला दहा हिस्से आणि चाळीस नावं असतात.

सातबारा हातात आला की सगळ्यात आधी नावं वाचा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली आणि नाव अजून त्यांचंच असेल तर आजच वारस नोंदीला लागा. आत्यांची, बहिणींची नावं लागली पाहिजेत, त्यांना वगळून केलेली नोंद पुढे मोबदल्याच्या वेळी उघडी पडते आणि पैसे मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होऊन अडकतात. इतर हक्कात कूळ आहे का, बँकेचा बोजा फेडूनही तसाच दिसतोय का, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, हे सगळं आत्ता शांतपणे निस्तरता येतं. नोटीस आल्यावर तलाठी, मंडळ अधिकारी, सगळ्यांकडे गावभरची रांग लागते.

अजून एक तपासा, आणि हे फार कमी लोक तपासतात. आत्ताचा जो रस्ता आहे त्याखालची जमीन तुमच्या सातबारावरून कमी झालीये का? जुने रस्ते बऱ्याच ठिकाणी भूसंपादन न करताच झाले, लोकांनी गावासाठी म्हणून जागा दिली, कागद झालाच नाही. सातबारावर क्षेत्र पूर्ण आणि प्रत्यक्षात रस्ता त्यातून गेलेला. आधीचा निवाडा नसेल तर रस्त्याखालच्या त्या जमिनीचाही प्रश्न उभा राहतो. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश सरकार या केसमध्ये, १९६७ मध्ये रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीला एवढ्या वर्षांनी मोबदला द्यायला लावला, कायद्याची प्रक्रिया न करता कोणाची जमीन घेता येत नाही म्हणून. प्रत्येकाची केस तशीच निघेल असं नाही, वकिलाला दाखवा, पण नव्या संपादनाच्या वेळी हा मुद्दा लेखी मांडून ठेवा.

आता पाणी. माझ्या मते नदीकाठच्या रस्त्यात जमिनीइतकाच हा विषय मोठा आहे आणि हरकतीत तो जवळजवळ कोणी लिहीत नाही. सगळे दोन गुंठ्यांसाठी भांडतात आणि रस्ता तीन फूट उंच झाला की उरलेली जमीन आणि घर पाण्यात जातं. उल्हासचा पूर आम्ही २६ जुलै २००५ ला बघितला, २७ जुलै २०१९ ला परत बघितला, त्या वेळी बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. डोंगराकडून येणारं पाणी ओढ्या-नाल्यांनी रस्ता ओलांडून नदीला जातं, आणि नदी फुगली की तेच पाणी उलटं मागे येतं. मधे रस्त्याचा भराव उंच केला आणि मोऱ्या जुन्याच लांबवल्या तर तो भराव धरणाच्या भिंतीसारखा उभा राहतो.

म्हणून हे काम पावसाळ्यात करा, उन्हाळ्यात कळत नाही. आपल्या गावाच्या लांबीत जितक्या मोऱ्या आहेत तितक्या चालत जाऊन बघा. पाइपाची मोरी आहे की स्लॅबची, पाइप किती आहेत, तोंड किती रुंद, गाळाने किती भरलंय, आणि पाणी कुठपर्यंत चढतं. आमच्या इथल्या एका पाइप मोरीचं तोंड बाहेरून धडधाकट दिसतं, वाकून आत टॉर्च मारला की निम्म्याच्या वर गाळ, प्लास्टिक, एक तुटकी चप्पल अडकलेली, पलीकडचा उजेड वरच्या एका फाकेतून तेवढा दिसतो. कागदावर ती मोरी 'चालू स्थितीत' असते. फोटो काढा, फोटोत टेप धरा म्हणजे माप दिसेल, तारीख आणि लोकेशन येऊ द्या. भिंतींवर पुराच्या खुणा असतात, शाळेच्या, देवळाच्या, जुन्या घरांच्या, चिखलाची रेघ रंगाखालूनही दिसते, त्या रेघेची रस्त्यापासूनची उंची लिहून घ्या आणि म्हाताऱ्या माणसांकडून वर्ष विचारून घ्या. पुराची पातळी ठरवताना इंजिनीअरसुद्धा गावात हेच विचारतात, फक्त कधी कधी उन्हाळ्यात येतात आणि जो भेटेल त्याला विचारून जातात.

ही यादी झाली की ती माहिती अधिकारात मिळालेल्या प्रस्तावित मोऱ्यांच्या यादीशी साखळीवार जुळवा. जिथे प्रत्यक्षात पाणी ओलांडतं आणि यादीत काहीच नाही, ती जागा अधोरेखित करा. सहा मीटरपर्यंत लांबी असली तर मोरी, त्यापुढे साठ मीटरपर्यंत लहान पूल, म्हणजे 'इथे मोरी नको, लहान पूल द्या' अशी मागणी करताना त्याचा अर्थ आणि खर्च दोन्ही तुम्हाला कळलेलं असू दे. निळी आणि लाल पूररेषाही बघून ठेवा, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. जलसंपदा विभाग त्या आखतो, नगरपालिका हद्दीत विकास आराखड्यावर त्या दाखवलेल्या असतात. आणि खाडीच्या भागात, म्हणजे घोडबंदर, भिवंडीकडे, सीआरझेड (किनारपट्टीचे बांधकाम नियम) आणि खारफुटी येते, तिथे परवानगीच्या सुनावणीत नागरिकांना बोलायची संधी असते ती सोडू नका.

नोटीस आली की काय करायचं? सगळ्यात आधी वरची ओळ वाचा, कुठल्या कायद्याखाली आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा असेल तर कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघते आणि त्यानंतर ६० दिवसांत कलम १५ खाली हरकत द्यायची असते. राष्ट्रीय महामार्ग कायदा असेल तर फक्त २१ दिवस. महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखाली असेल तर नोटिशीत दिलेली मुदत बघा. अधिसूचना राजपत्रात, दोन पेपरांत, ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये लागते, घरी कागद येण्याची वाट बघत बसलात तर मुदत निघून गेलेली असू शकते. अंबरनाथ तालुक्यासाठी प्रांत (उपविभागीय अधिकारी) ऑफिस उल्हासनगरचं आहे, तिथे आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे, गावाने एक-दोन जणांना हे काम वाटून द्या. कलम ११ निघाल्यावर त्या जमिनीचे व्यवहार परवानगीशिवाय करता येत नाहीत, हेही विसरू नका.

हरकत लिहिताना 'आमचा रस्त्याला विरोध आहे' एवढंच लिहिलं की ती एका ओळीत फेटाळली जाते. आणि मनापासून सांगतो, रस्ता हवाच आहे. दोन लेनच्या रस्त्यावर शाळेची पोरं, डंपर आणि बाइकवाले एकत्र चालतात, किती घरातली माणसं गेलीत त्या रस्त्यावर ते आम्हाला माहीत आहे. म्हणून हरकत नेमकी लिहा. साखळी अमुक ते तमुक संरेखन इतके मीटर सरकवलं तर इतकी घरं वाचतात आणि वळणही सरळ होतं, अमुक साखळीला मोरी नाही, पाण्याचे फोटो सोबत, अमुक ठिकाणी रस्त्याची पातळी वाढवल्यास मागच्या वस्तीचं पाणी कुठे जाणार ते दाखवा. प्रत्येकाची स्वतःच्या सर्व्हे नंबरसाठी वेगळी हरकत, आणि पाण्यासाठी गावाची एक सामूहिक, ग्रामसभेच्या ठरावासह. पोचपावतीवर तारीख आणि शिक्का घ्या, नाहीतर अर्ज दिलाच नाही असं होतं. सुनावणीची संधी देणं बंधनकारक आहे, ती लेखी मागा आणि हजर राहा.

संयुक्त मोजणीचा दिवस मात्र सुट्टी टाकून जागेवरच थांबायचा. भूमी अभिलेखचा भूकरमापक, रस्त्याच्या यंत्रणेचा माणूस, तलाठी, सगळे येतात. विहीर, बोअर, कुंपण, गेट, पाण्याची टाकी, आंब्याची झाडं, शेवगा, नारळ, सगळं त्या पत्रकात आलं पाहिजे, जे पत्रकात नाही त्याचे पैसे नाहीत. झाडाला नुसता आकडा रंगवून गेले म्हणजे नोंद झाली असं नाही, पत्रकात जात, वय, घेर लिहिलाय का बघा. पटलं नाही तर सही नाकारू नका, 'हरकत राखून' असं लिहून सही करा आणि तिथेच प्रतीची मागणी करा.

पैशाचं गणित थोडक्यात, २०१३ च्या कायद्याप्रमाणे. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक) आणि मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांच्या वरच्या निम्म्यांची सरासरी, यांत जो जास्त तो. मग गुणांक, शहरी भागात १, ग्रामीण भागात १ ते २ च्या मधे सरकार ठरवेल तो, तुमच्या अधिसूचनेच्या तारखेला कुठला लागू आहे ते प्रांतांकडून लेखी घ्या. त्यात घर-झाडांची किंमत मिळवायची आणि एकूण रकमेवर तेवढंच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम. जमीन १० लाख, गुणांक १, घर-झाडं २ लाख, झाले १२, त्यावर दिलासा १२, एकूण २४ लाख, शिवाय जमिनीच्या बाजारभावावर वर्षाला १२ टक्के वाढीव रक्कम कायद्यात सांगितलेल्या काळासाठी. या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर इन्कम टॅक्स लागत नाही.

थेट खरेदीचा प्रस्ताव आला तर राज्याच्या २०१५ च्या शासन निर्णयानुसार २५ टक्के जास्त मिळतात आणि पैसे लवकर येतात, पण ते तुमच्या संमतीचं खरेदीखत असतं, नंतर वाढीव मोबदल्यासाठी प्राधिकरणाकडे जाता येत नाही. क्षेत्र आणि दर दोन्ही पटत असतील तर घ्या, नाहीतर घाई नको. निवाड्याची रक्कम उचलताना पटत नसेल तर 'हरकतीसह स्वीकारली' हे शब्द पावतीवर लिहाच, ते नसतील तर २०१३ च्या कायद्याच्या कलम ६४ खाली दाद मागायचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवड्यांची.

अर्धं घर जात असेल तर 'अख्खं घर घ्या' असं म्हणायचा अधिकार मालकाला कायद्यात आहे, आणि जमिनीचे दोन तुकडे पडून मागच्या तुकड्याला वाट राहत नसेल तर त्या नुकसानीचाही दावा करता येतो. नगरपालिका हद्दीत, कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, ठाणे कुठेही, रस्ता विकास आराखड्यातला असेल तर पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच जागेवर जास्त बांधकाम) देऊ करतात. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करूनच उत्तर द्या, सेक्रेटरीने एकट्याने सही करून येऊ नये.

हे सगळं झालं, पैसे आले, रस्ता झाला, तरी एक कागद उरतो, कमी-जास्त पत्रक. संपादन झालेलं क्षेत्र वजा होऊन नवा सातबारा तयार होतो तो काढा आणि उरलेलं क्षेत्र संयुक्त मोजणीच्या पत्रकाशी ताडून बघा, गुंठाभर जास्त वजा झालेलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच उपअधीक्षक भूमी अभिलेखकडे द्या. आणि पहिल्या पावसात आपल्या मोरीपाशी जाऊन उभे राहा, ठेकेदाराची दोष दायित्वाची मुदत (काम बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करायचा काळ) चालू असते तोवर तक्रार फोटोसकट लेखी गेली तर काम त्याच्याच खर्चाने करून घेता येतं.